बक्षीसपत्र दोनशे रुपयांत, पण म्हातारपण टिकून आहे एका ओळीवर

तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयासमोर कोणत्याही कामाच्या दिवशी अर्धा तास थांबा. टोपीतले बाबा किंवा नऊवारीतली आजी, सोबत मुलगा, दोन साक्षीदार आणि पुढे पुढे करणारा दस्तलेखक. मशीनवर अंगठा लागतो, कॅमेऱ्यात फोटो निघतो, दस्त नोंदवला जातो. पुढे फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरचं बाबांचं नाव जाऊन मुलाचं लागतं. दस्तात काय लिहिलंय ते बाबांना कुणी सावकाश वाचून दाखवतं का? बहुतेक वेळा नाही.

याच दस्तात एक ओळ असते किंवा नसते. पुढे मुलाने विचारलं नाही, औषधाला पैसे दिले नाहीत, घराबाहेर काढलं, तर जमीन परत मिळेल की नाही हे बरंचसं त्या एका ओळीवर ठरतं. कायदा म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने आहे, सर्वोच्च न्यायालयही अलीकडे त्याच्या बाजूने बोललं आहे. तरी ती ओळ दस्तात घालायची कुणी, याची जबाबदारी आज कुणावरच नाही. खरी अडचण तिथे आहे.

कायदा नेमकं काय देतो?

कायद्याचं नाव लांबलचक आहे: आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. संसदेने तो केला, पण लागू कधी करायचा, नियम काय करायचे, न्यायाधिकरण कुठे नेमायचं हे राज्यांवर सोडलं. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला आणि राज्याचे नियम २०१० मध्ये आले.

न्यायाधिकरण म्हटल्यावर मोठं कोर्ट डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात हे काम उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या प्रांतसाहेबांकडे असतं. साठ वर्षं पूर्ण झालेली कुणीही व्यक्ती तिथे अर्ज करू शकते. आई-वडिलांना तर साठीचीही अट नाही. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देऊन अर्ज करता येतो. कुणी अर्ज केला नाही तरी न्यायाधिकरण स्वतःहून प्रकरण हाती घेऊ शकतं.

जबाबदारी कुणावर? सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून ती सुटत नाही. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठासाठी, ज्याच्याकडे त्याची मालमत्ता आहे किंवा जाणार आहे तो वारस जबाबदार धरला जातो. पुतण्याच्या नावावर जमीन करून बसलेल्या काका-काकूंनी हे नीट लक्षात ठेवावं.

न्यायाधिकरण महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थ मंजूर करू शकतं आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम रक्कमही देऊ शकतं. समोरच्याला नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, फार तर आणखी ३० दिवस, अशी मुदत आहे. आदेश होऊनही मुलाने पैसे दिले नाहीत तर वॉरंट निघतं आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र थकलेल्या रकमेसाठी तीन महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज करावा लागतो. तो उशीर बऱ्याच जणांना महागात पडतो. निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

म्हाताऱ्या माणसाला कायमचं सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी नेऊन टाकणं हा तर सरळ गुन्हाच आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सगळा जोर कलम २३ वर

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची पुंजी बँकेत कमी आणि जमिनीत जास्त असते. म्हणून या कायद्यातलं सर्वात महत्त्वाचं कलम आपल्यासाठी २३ वं.

ते सांगतं की ज्येष्ठाने कायदा लागू झाल्यानंतर आपली मालमत्ता बक्षीसपत्राने किंवा अन्य प्रकारे दुसऱ्याला दिली, देताना घेणाऱ्याने सांभाळ करावा अशी अट होती, आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाला असं मानलं जाईल. ज्येष्ठाने मागणी केली की न्यायाधिकरण तो रद्दबातल ठरवू शकतं. दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं हेलपाटे मारायची गरज नाही.

यातला कळीचा शब्द आहे ‘अट’. त्याच शब्दावर दोन वेगळे निकाल समजून घेऊ.

डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हरियाणातलं एक प्रकरण आलं. आईने मुलींच्या नावे हक्कसोडपत्र केलं होतं आणि नंतर ते रद्द करून मागितलं. न्यायालय म्हणालं, सांभाळाची अट होती हे दाखवावं लागेल. नुसतं दिलं आणि नंतर सांभाळलं नाही, एवढ्यावर कलम २३ लागत नाही. आई हरली.

दुसरं प्रकरण मध्य प्रदेशातल्या छतरपूरचं. इथेही आईच होती. तिने २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं. त्याच वेळी मुलाने एक वचनपत्र लिहून दिलं होतं की मी आई-वडिलांना शेवटपर्यंत सांभाळीन, नाही सांभाळलं तर आईने मालमत्ता परत घ्यावी. पुढे वाद झाला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मुलाच्या बाजूने निकाल दिला. पण २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि आईला ताबा परत द्यायला सांगितलं. हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे आणि न्यायाधिकरण ताबा परत देण्याचाही आदेश देऊ शकतं, असं न्यायालयाने सांगितलं.

दोन्हीकडे आई होती, दोन्हीकडे पोटच्या लेकरांशीच वाद होता. छतरपूरच्या आईकडे लिहिलेला कागद होता, हरियाणाच्या आईकडे नव्हता.

मद्रास उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं, की प्रेमापोटी दिलेल्या मालमत्तेत सांभाळाची अट न लिहिताही धरलेलीच असते. हा विचार चांगला आहे, आपल्या रीतीभातीलाही धरून आहे. बाप जमीन देतो तेव्हा ‘पोरगा बघेल’ हे गृहीतच असतं. पण २०२२ चा निकाल समोर असताना आपल्या प्रांत कार्यालयात कोणता अर्थ लावला जाईल, यावर म्हातारपण टांगून ठेवायचं कशाला? ओळ लिहिली की प्रश्नच मिटतो.

दोनशे रुपयांची सोय आणि तिची किंमत

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाच्या बायकोला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नोंदणी फी आणि किरकोळ खर्च वेगळा. सवलत चांगली आहे. घरातल्या घरात जमीन देताना लाखोंचं शुल्क कशाला? तरी या स्वस्ताईने एक गोष्ट केली. जो निर्णय आधी चार वेळा विचार करून व्हायचा, तो आता एका फेरीत उरकतो. मुलाला स्वतःच्या नावावर पीककर्ज हवं, ठिबकचं अनुदान हवं, लग्नासाठी ‘पोराच्या नावावर किती’ असं विचारलं जातं. कारणं खरी असतात. बाबा अंगठा देतात.

दस्त मात्र जुन्या नमुन्यावरून छापला जातो. ‘प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने’ हे शब्द त्यात असतात. सांभाळाची अट अनेकदा नसते. काही दस्तांत तर ‘बिनशर्त’ असा शब्दही असतो आणि तो पुढे म्हाताऱ्याच्याच गळ्याशी येतो.

नाव गेल्यावर काय काय जातं तेही पाहा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे शेतकरी म्हणून मिळणारा पीएम किसानचा हप्ता नाही, सोसायटीचं कर्ज नाही, पीकविमा नाही. मुलाने पुढे जमीन विकली किंवा बँकेकडे गहाण टाकली तर गुंता आणखी वाढतो. माहिती नसताना पैसे मोजून घेणाऱ्या तिसऱ्या माणसाला कायद्यातही काही संरक्षण आहे. म्हणून वाद दिसू लागला की अर्ज लवकर केलेला बरा.

मग अर्ज का होत नाहीत?

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यात साठीवरची माणसं सुमारे १ कोटी ११ लाख होती, म्हणजे दर दहांत एक. कायदा येऊन इतकी वर्षं झाली, तरी गावात विचारा, प्रांताकडे असा अर्ज करता येतो हे किती जणांना माहीत आहे? या कायद्याचा नियमित प्रचार सरकारने करावा असं कायद्यातच लिहिलंय. ग्रामपंचायतीच्या फलकावर तो तुम्ही कधी वाचला?

दुसरं कारण लाज. ‘पोटच्या पोरावर केस कशी करू? चार लोक काय म्हणतील?’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. तिसरं कारण भीती. अर्ज करून संध्याकाळी त्याच घरात परत जायचं असतं, त्याच चुलीवरचं खायचं असतं. चौथं कारण अंतर. प्रांत कार्यालय तालुक्यालाच असेल असं नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला दोन एसटी बदलून तारखेला जायचं म्हणजे सोबतीला माणूस लागतो आणि तो माणूस बहुतेक वेळा तोच मुलगा असतो.

सगळा दोष मुलांचाच, असंही नाही

या कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दोन-तीन एकर कोरडवाहू, त्यात तीन भाऊ, एक पुण्याला कंपनीत. गावात राहिलेला भाऊ आई-वडिलांना सांभाळतो आणि वाटणीची वेळ आली की बाहेरचा भाऊ वडिलांना हाताशी धरून अर्ज करायला लावतो, असंही घडतं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून बोलणारं कुणी दुसरंच असतं. म्हणून अधिकाऱ्याने ज्येष्ठाशी एकट्याने बोलणं गरजेचं आहे.

सुनेचाही प्रश्न आहे. नवऱ्याशी वाद सुरू असलेल्या सुनेला घराबाहेर काढण्यासाठी या कायद्याचा वापर होऊ लागला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलं, की कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला मिळालेला राहत्या घराचा हक्क या कायद्याच्या आडून डावलता येणार नाही. दोन्ही कायदे दुबळ्यांसाठी आहेत. एकाने दुसऱ्याला मारायचं नाही.

उलट बाजूने, सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका ऐंशी वर्षांच्या वडिलांना न्याय मिळाला. थोरल्या मुलाने त्यांच्या खोल्या बळकावल्या होत्या. मुलगाही आता साठीचा झाला, या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने त्याला घराबाहेर काढण्याचा आदेश रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने अर्ज केला त्या दिवशीचं वय धरलं. त्या दिवशी मुलगा ५९ वर्षांचा होता. वडिलांच्या बाजूचा आदेश पुन्हा लागू झाला.

पगारातून कपात: काहींनी केलेले प्रयत्न

आसामने २०१७ मध्ये वेगळाच कायदा केला. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातून १० टक्के कापून थेट आई-वडिलांना द्यायचे, अवलंबून असलेला दिव्यांग भाऊ किंवा बहीण असेल तर १५ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस अशाच कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापण्याचा ठराव केला होता आणि त्याची बरीच चर्चा झाली.

पगारदाराला याचा धाक बसतो, हे खरं. पण आपल्या गावात पगारदार किती? ज्याचा पगार नाही त्याच्याकडून कापणार काय? शेतकऱ्याच्या घरात धाक एकाच गोष्टीचा चालतो, तो म्हणजे जमिनीचा. म्हणून उपायही सातबाऱ्याच्या वाटेवरच शोधावा लागेल.

केंद्राने २०१९ मध्ये सुधारणा विधेयक आणलं होतं. १०,००० ची मर्यादा काढणं, सून-जावयालाही जबाबदार धरणं असं बरंच त्यात होतं. ते मंजूर झालंच नाही, २०२४ मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं. २००७ मध्ये ठरलेली १०,००० ची रेषा आजही तिथेच आहे. तेव्हाचं औषधाचं बिल आणि आजचं, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

अंगठा आणि पासबुक

लूट फक्त जमिनीची होत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये खात्यात येतात, पण काढतं कोण? पासबुक मुलाकडे, मोबाइल नंबर नातवाचा, अंगठा मात्र आजीचा. सेवा केंद्रावर ‘अंगठा लागला नाही, परत लावा’ असं म्हणत दोनदा पैसे काढल्याच्या तक्रारीही असतात.

इथे साध्या गोष्टी उपयोगी पडतात. खात्याला स्वतःचाच मोबाइल नंबर जोडा, साधा बटनांचा फोन असला तरी मेसेज येतो. पासबुक महिन्यातून एकदा भरून घ्या. अंगठ्याने पैसे काढायचे नसतील तेव्हा आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. पैसे काढले की पावती मागा. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे मिळणं अवघड.

साठीच्या आतल्यांचं काय?

या कायद्यात एक मोठी फट आहे. पन्नाशीची निपुत्रिक विधवा, जिच्या नावावरची दोन एकर दीर कसतो. मतिमंद भाऊ, ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे पण त्याला सही म्हणजे काय तेच कळत नाही. हे लोक ‘ज्येष्ठ’ नाहीत, ‘पालक’ही नाहीत. दिव्यांगांसाठी २०१६ च्या कायद्याचं कलम ७ आहे. छळ, मारहाण, शोषण दिसलं तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे तहसीलदाराकडे, तक्रार देऊ शकतं. विधवेला कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार मिळू शकतो. म्हणजे तीन माणसांसाठी तीन कायदे, तीन दारं. ज्याला एका दाराचा पत्ता माहीत नाही त्याला तिन्हींचा कोण सांगणार? स्वतःचं रक्षण करता न येणाऱ्या कोणत्याही सज्ञान माणसासाठी तालुक्याला एकच खिडकी हवी. हे काम राज्याला करता येण्यासारखं आहे.

काय व्हायला हवं

पहिली मागणी अगदी लहान आहे. साठीवरचा माणूस बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र करायला आला की दुय्यम निबंधकाने त्याला एकट्याला विचारावं: ‘यात सांभाळाची अट घालायची आहे का?’ हो किंवा नाही, जे उत्तर असेल ते दस्तावर नोंदवावं. याला मोठा निधी लागत नाही, नवीन कार्यालय लागत नाही. दुसरी मागणी म्हणजे प्रांतसाहेबांनी महिन्यातून एक दिवस तालुक्याला येऊन ज्येष्ठांचे अर्ज ऐकावेत. तिसरं काम आपलंच आहे. येत्या ग्रामसभेत हा कायदा वाचून दाखवायला लावा.

तोपर्यंत घरातल्या म्हाताऱ्यांनी, आणि ज्यांना त्यांची काळजी आहे त्या मुलामुलींनी, एवढं करावं:

- घाई नसेल तर बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार पुरेत. हयातीत कधीही बदलता येतं आणि तोवर जमीन तुमच्याच नावावर राहते.
- बक्षीसपत्र करायचंच असेल तर दस्तात ही ओळ घालायला सांगा: ‘लिहून घेणार हे लिहून देणार व त्यांच्या पत्नीचे हयातभर अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार व देखभाल करतील या अटीवर ही मिळकत बक्षीस दिली आहे. अट न पाळल्यास हे बक्षीसपत्र रद्द करून मिळकत परत घेण्याचा हक्क लिहून देणार यांना राहील.’
- सगळं देऊ नका. राहतं घर किंवा विहिरीजवळचा एखादा तुकडा स्वतःच्या आणि बायकोच्या नावावर ठेवा.
- फेरफाराची नोटीस आली आणि मन बदललं असेल, फसवणूक झाली असेल, तर १५ दिवसांत लेखी हरकत द्या. पोच घ्यायला विसरू नका.
- अर्ज करायचा तर वयाचा पुरावा, दस्ताची नक्कल, सातबारा, फेरफार, पासबुक आणि सर्व मुलामुलींची नावं-पत्ते घेऊन प्रांत कार्यालयात जा. वकील लावण्याची सक्ती नाही.
- काहीच सुचत नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत हेल्पलाइन नंबर आहे. फोनमध्ये साठवून ठेवा, शेजारच्या आजीच्या फोनमध्येही टाकून द्या.

जो मुलगा आई-बापाला नीट सांभाळणार आहे, त्याचं या ओळीने काहीच बिघडत नाही. ती लिहायला तो खळखळ करत असेल तर बाबांनी अंगठा देण्याआधी थोडं थांबावं.